चार पेले पाणी आणि डोकेदुखी

एक पत्रक गेली कित्येक वर्षं महाराष्ट्रात फिरतं आहे. आमच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांत ते झेरॉक्स केलेलं मिळायचं. किराणा दुकानात, देवळाच्या पायरीवर, एसटीच्या बाकावर. आता ते मोबाइलवर येतं. मजकूर थोडाफार बदलतो, सांगाडा तोच राहतो. जपानमधल्या कुठल्याशा वैद्यकीय संस्थेनं पाण्याचा प्रयोग शंभर टक्के यशस्वी ठरवला आहे. सकाळी उठल्या उठल्या, दात घासण्यापूर्वी, १६० मिलिलिटरचे चार पेले पाणी प्यावं. पुढची ४५ मिनिटं काही खाऊ-पिऊ नये. म्हणजे पुढील रोग बरे होतात. रोगांच्या यादीत बहुधा पहिलं नाव डोकेदुखीचं असतं. पुढे मधुमेह, क्षय आणि कर्करोगही येतात.

अशा पत्रकाचं परीक्षण मासिकाच्या पानांवर कशाला, असं कुणी विचारेल. आम्हाला ते आवश्यक वाटतं. शाळा सुटल्यानंतर शरीरशास्त्रावरचा काही मजकूर माणसं वाचत असतील, तर तो बऱ्याचदा असाच असतो. आणि या पत्रकातली पहिली ओळ, ‘डोकं दुखतंय? पाणी प्या’, आता आरोग्याच्या तक्त्यांवर आणि वर्गात शिक्षकांच्या तोंडीही आली आहे. ही ओळ सपशेल खोटी असती तर काम सोपं होतं. पण ती थोडी खरी आहे.

आधी पत्रक कसं लिहिलं आहे ते पाहू, कारण लिहिणाऱ्याला माणसाचं मन चांगलं कळत असावं. १५० नाही, २०० नाही, १६० मिलिलिटर! आकडा जितका अवघड, तितका तो कुणीतरी मोजून काढला असावा असं वाटतं. चार पेल्यांचे झाले ६४० मिलिलिटर, म्हणजे आपल्या घरातले जेमतेम तीन पेले. धडधाकट माणसाला त्यानं काही अपाय नाही. जपानमधली संस्था नेमकी कुठली, प्रयोग कोणत्या साली, किती लोकांवर झाला, यातलं काहीच दिलेलं नाही. शिवाय हेच आपलं प्राचीन उषःपान, असंही काही जण वर सांगतात. म्हणजे आधुनिक जपान आणि ऋषिमुनी, दोघांचेही शिक्के एकाच कागदावर.

खरी मेख मात्र दिवसांच्या हिशेबात आहे. कुठला रोग किती दिवसांत जातो याचा तक्ता पत्रकात असतो. रक्तदाबाला ३० दिवस, मधुमेहाला ३०, बद्धकोष्ठाला १०, क्षयाला ९०, कर्करोगाला १८०. डोकेदुखीपुढे मात्र आमच्या पाहण्यातल्या प्रतींत दिवसच दिलेले नाहीत. यादीत पहिली असलेली व्याधी तक्त्यातून गायब! पण तिला तक्त्याची गरजही नाही. वाचक ती त्याच दिवशी तपासून पाहतो. बहुतेक डोकेदुख्या काही तासांत आपोआप थांबतात. पाणी प्यायलं, तासाभरात डोकं हलकं झालं, पत्रक खरं ठरलं. मग उरलेल्या यादीवरही विश्वास बसतो. डोकेदुखी हे इथं गळाला लावलेलं आमिष आहे. क्षयाच्या साध्या रुग्णालाही साधारण सहा महिने नियमित औषधं घ्यावी लागतात, मध्येच सोडली तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. अशा माणसानं पाणी पीत ९० दिवस काढले तर तेवढ्या काळात घरातल्या पोरांपर्यंत जंतू पोहोचतात. शिक्षकानं फळ्यासमोर उभं राहून पहिल्या ओळीला सहज मान डोलावली, तर मुलं घरी जाऊन अख्खं पत्रक खरं मानतील, याची आम्हाला धास्ती वाटते.

याच माळेतला दुसरा मणी जास्त घोटीव आहे. फेरेदून बॅटमनघेलिज हे इराणी डॉक्टर. १९७९ च्या क्रांतीनंतर ते तेहरानच्या एविन तुरुंगात होते. तिथं पोटदुखीनं कळवळणाऱ्या कैद्याला औषध नव्हतं म्हणून पाणी दिलं आणि तो शांत झाला, अशी त्यांची हकीकत आहे. पुढे हजारो कैद्यांना आपण नुसत्या पाण्यानं बरं केलं, असं त्यांनी लिहिलं. १९९२ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि जगभर खपलं. अर्धशिशीसकट अनेक व्याधी म्हणजे शरीरानं पाण्यासाठी फोडलेला टाहो, हा त्याचा गाभा. पण तुलनेसाठी दुसरा गट नाही, कुणाला काय दिलं याची इतरांना तपासता येईल अशी नोंद नाही. तुरुंगात घाबरलेल्या माणसाजवळ डॉक्टर येऊन बसतो, आपल्या हातानं पाणी देतो आणि थांबतो. यात काय काय बदललं? पाणी तर खरंच. बाकीच्या गोष्टींचा हिशेब पुस्तकात नाही.

आता त्या थोड्या खऱ्या भागाकडे येऊ. त्यासाठी एक शाळा डोळ्यांसमोर आणू. पुणे-सातारा महामार्गावर खेड शिवापूर आणि नसरापूर यांच्या दरम्यान, शिवगंगेच्या खोऱ्यात, भोर तालुक्यातलं वरवे बुद्रुक हे गाव आहे. महामार्गाच्या कडेला हॉटेलं, कारखाने आणि थंडगार बाटलीबंद पाणी; आत डोंगराकडे वळलं की उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या विहिरी. भोर-वेल्ह्याची तऱ्हाच अशी की भाटघर, नीरा देवघर आणि गुंजवणी ही धरणं ज्या दोन तालुक्यांत आहेत, तिथल्याच काही वाड्या मे महिन्यात टँकरची वाट पाहतात. अशा परिसरातल्या शाळेत मार्चमधल्या दुपारी सातवीतली एक मुलगी उठून म्हणते, ‘‘बाई, डोकं दुखतंय.’’ बाई म्हणतात, ‘‘जा, पाणी पी आणि जरा व्हरांड्यात बस.’’ अर्ध्या तासानं मुलगी हसत वर्गात येते. मुलगी कल्पित आहे, पण शिक्षकवाचकांना ती ओळखीची वाटेल.

तिचं डोकं कशानं थांबलं?

पाण्यानं, हे एक उत्तर. त्याला आधार आहे. लंडनमधल्या अर्धशिशीच्या दवाखान्याशी संबंधित ब्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक साधी पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी ९५ जणांना विचारलं, पाणी न मिळाल्यानं तुमचं डोकं कधी दुखलं आहे का? ३४ जण हो म्हणाले. त्यातल्या २२ जणांचं डोकं पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासात थांबत असे, बाकीच्या बहुतेकांना एक ते तीन तास लागत. अर्थात हे सगळं आठवून सांगितलेलं. पाणी नसतं प्यायलं तर किती वेळात थांबलं असतं, हे त्यातून कळत नाही. अमेरिकेत आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २५ निरोगी तरुणींच्या शरीरातलं पाणी मुद्दाम थोडं कमी केलं, वजनाच्या सरासरी १.३६ टक्के. त्यांना डोकेदुखी जाणवली, लक्ष लागेना, काम आहे त्यापेक्षा कठीण वाटू लागलं. आमच्या मुलीचं वजन ४० किलो धरलं तर १.३६ टक्के म्हणजे अर्ध्या लिटरच्या जरा वर. सकाळी सातला घर सोडून, उन्हात चालत येऊन, दुपारी तीनपर्यंत पाणी न पिणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे अशक्य नाही.

हे घडतं कसं, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणून तर रुग्ण जागा ठेवून, त्याच्याशी बोलत मेंदूच्या शस्त्रक्रिया करता येतात. वेदना कळते ती मेंदूच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. शरीरातलं पाणी घटलं की रक्तातली क्षारांची संहती वाढते, परासरणानं पेशींतलं पाणी बाहेर येतं, मेंदू किंचित आक्रसतो आणि आवरणांवर ताण येतो, असं एक स्पष्टीकरण देतात. मिठाच्या पाण्यात बटाट्याची फोड टाकून मुलांना परासरण दाखवता येतं, तेव्हा हे उदाहरण शिक्षकांना मोहात पाडेल. दाखवावं, पण ‘असं असावं’ म्हणून दाखवावं, ‘असंच आहे’ म्हणून नको.

सगळ्यात चांगली परीक्षा नेदरलँड्समध्ये झाली. स्पिख्ट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. वारंवार डोकं दुखणाऱ्या आणि दिवसाला अडीच लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या १०२ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. झोप आणि ताण यांबद्दलच्या सूचना दोन्ही गटांना दिल्या. एका गटाला रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. तीन महिन्यांनी विचारलं, बरं वाटतं का? जास्त पाणी पिणाऱ्यांपैकी ४७ टक्के म्हणाले, पुष्कळच. दुसऱ्या गटात असं म्हणणारे २५ टक्के होते. इथं थांबलं तर पत्रकवाल्यांची सरशी. पण त्याच लोकांनी डोकेदुखीच्या दिवसांची रोजनिशीही ठेवली होती. बऱ्यापैकी डोकं दुखलेले दिवस मोजले तेव्हा दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक निघाला नाही.

शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवावा असा हा निकाल आहे. माणसांना बरं वाटलं, हे खरं. डोकं दुखायचे दिवस घटले नाहीत, हेही खरं. औषधाची परीक्षा घेताना एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पिठाची गोळी देता येते. पाण्याचं काय करणार? आपण पाणी पीत नाही असं वाटत असताना माणसाला दीड लिटर पाणी पाजायचं कसं! काहीतरी उपाय सुरू आहे या जाणिवेचा परिणाम पाण्यापासून वेगळा काढणं इथं जवळजवळ अशक्य आहे. तरीही, उपाय फुकटचा आणि निरुपद्रवी असल्यानं, वारंवार डोकं दुखणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या माणसानं तो काही आठवडे करून पाहायला आमची हरकत नाही. ‘डोकेदुखी पाण्यानं टळते’ असं तक्त्यावर लिहायला आहे.

आता आमच्या मुलीकडे परत जाऊ. ती वर्गातल्या उकाड्यातून उठून सावलीत गेली. फळ्यावरची बारीक अक्षरं डोळे ताणून वाचायचं थांबलं. बाईंनी तिची विचारपूस केली. अर्धा तास गेला. आणि ती पाणीही प्यायली. यातल्या कशानं काम केलं, हे या एका प्रसंगावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कदाचित तिला चष्म्याची गरज असेल. कदाचित सकाळी चहा-बटरवर ती घराबाहेर पडली असेल आणि डबा नीट खाल्ला नसेल. उपाशी पोटी डोकं दुखणं आपल्याला उपासाच्या दिवसांवरून ठाऊक आहेच. इस्राएलमध्ये १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, योम किप्पूरचा पंचवीस तासांचा निर्जळी उपास करणाऱ्या इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचं डोकं दुखलं. उपास न करणाऱ्यांपैकी ७ टक्क्यांचं. ज्यांना एरवीही डोकेदुखीचा त्रास होता त्यांचं जास्त. आपल्या निर्जळी एकादशीला किंवा रोज्यांच्या दिवसांत असंच काही दिसलं तर नवल नाही. पण अशा उपासात पाण्याबरोबर अन्नही बंद असतं, चहाही बंद असतो. दोष पाण्याच्या खात्यावर टाकायचा की भाकरीच्या?

चहाचं तर विचारूच नका. चहाची वेळ टळली की डोकं चढतं असं सांगणारी माणसं प्रत्येक शिक्षक-खोलीत दोन-चार तरी असतात, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. दिवसाला १०० मिलिग्रॅम कॅफीनची सवय असलेल्याचं ते अचानक बंद झालं, तर १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होऊ शकते. दोन-तीन कप कडक चहात एवढं कॅफीन सहज असतं. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठणाऱ्या गुरुजींचं डोकं दुखतं आणि ते पाण्याचा तांब्या तोंडाला लावतात. मग चहा येतो. बरं वाटतं, श्रेय तांब्याला जातं.

रक्तक्षयाचाही विचार करायला हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांना. थकवा आणि डोकेदुखी या त्यातल्या नेहमीच्या तक्रारी. सातवी-आठवीतल्या मुलीला दर वेळी ‘पाणी पी’ म्हणून वाटेला लावलं, तर तिचं हिमोग्लोबिन कधी तपासायचं? दिसायला साधी वाटणारी ही ओळ अशी दोन वर्षं फुकट घालवू शकते.

मग ‘दिवसाला आठ पेले’ कुठून आले? अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ मध्ये याचा माग काढला. ठोस शास्त्रीय पुरावा त्यांना सापडला नाही. सापडलं ते अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळाचं १९४५ मधलं एक वाक्य: प्रौढाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतं. त्यालाच लागून आणखी एक वाक्य होतं, की यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं टाकलं. शिजलेल्या भातात जवळजवळ दोन तृतीयांश पाणी असतं, ताकात आणि कलिंगडात नव्वद टक्क्यांच्या वर. आमटी-भात जेवणारा माणूस पाणी जेवत असतो म्हटलं तरी चालेल. २०२२ मध्ये २३ देशांतल्या ५,६०४ लोकांच्या शरीरातल्या पाण्याची उलाढाल मोजली गेली. ती हवामान, कष्ट, वय, शरीराचा आकार यांप्रमाणे इतकी बदलते की सगळ्यांना एकच आकडा सांगण्यात अर्थ उरत नाही. चैत्रातल्या उन्हात वीटभट्टीवर राबणारी बाई आणि पुण्यात वातानुकूलित खोलीत बसणारे आम्ही, दोघांनाही आठच पेले?

जास्त पाणी कधीच बाधत नाही, हाही समज पत्रकासोबत फिरतो. धडधाकट प्रौढाची मूत्रपिंडं तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून जास्त पाणी भराभर पीत राहिलं तर रक्तातलं सोडिअम विरळ होतं, पेशी फुगतात, आणि त्याच्या पहिल्या लक्षणांत मळमळ आणि डोकेदुखीच असते! २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडिअम कमी निघालं. त्यातल्या बऱ्याच जणांनी धावताना इतकं पाणी प्यायलं होतं की शर्यतीअखेर त्यांचं वजन वाढलं होतं. वर्गातल्या मुलाच्या बाबतीत ही भीती दूरची आहे. स्पर्धा लावून कोण जास्त पाणी पितो हे पाहणाऱ्या पोरांच्या बाबतीत तितकी दूरची नाही.

तहानेचा आणखी एक गैरसमज आहे. ‘तहान लागली म्हणजे उशीर झालाच’, असं ठासून सांगतात. रक्तातली क्षारांची संहती एक-दोन टक्के वाढली की तहान लागते. निरोगी मुलांत आणि मोठ्यांत ही यंत्रणा फार सुरेख चालते. तान्ही मुलं, म्हातारी माणसं, जुलाब होणारे आजारी आणि उन्हात राबणारे, यांच्या बाबतीत तिच्यावर भिस्त ठेवू नये, हे ठीक. पण सातवीतल्या मुलीला तहान नक्कीच लागली होती. दहा वाजता लागली, बारा वाजता लागली. ती पाणी प्यायली नाही.

तक्ता लिहिणाऱ्याला वाटतं, तिला ठाऊक नव्हतं म्हणून. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि शाळेच्या मुतारीत तिला जायचं नव्हतं. दाराला कडी नसेल, आत पाणी नसेल, किंवा दार मुलांच्या खेळाच्या जागेवर उघडत असेल. पाळीच्या दिवसांत तर प्रश्नच मिटला. म्हणून सकाळी निघताना पाणी नाही, मधल्या सुट्टीत घोटभर, घरी गेल्यावर तांब्याभर. असा हिशेब करणाऱ्या मुली आणि शिक्षिका गावात आहेत तशा शहरातही आहेत. आणि यात नुसतं डोकं दुखून भागत नाही, मूत्रमार्गाचा संसर्गही गाठीला येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि पुरेसं, सुरक्षित पिण्याचं पाणी, दोन्ही एकाच यादीत आहेत. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्व शाळांत या सोयी सहा महिन्यांत करण्याचा आदेश दिला होता. केरळमध्ये २०१९ पासून शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा वाजू लागली, मग ती कल्पना इतर राज्यांतही गेली. कल्पना चांगली आहे. फक्त घंटा वाजल्यावर मुलगी पेला तोंडाला लावते की लावल्यासारखं करते, हे कडीवर ठरतं.

शिक्षकांना यावर काही करून पाहायचं असेल तर एक वही पुरेशी आहे. मुलांना मुद्दाम तहानलेलं ठेवून प्रयोग मात्र कुणी करू नये. मागेल त्याला पाणी, तेही लगेच. डोकेदुखीसोबत ताप आणि मान ताठ होणं, पडून डोक्याला मार लागणं, पहाटे उठताच डोकं दुखून उलटी होणं, दोन-दोन दिसणं, किंवा आठवड्यागणिक दुखणं वाढत जाणं, यातलं काही दिसलं तर वही बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे. एरवी कुणाचं डोकं दुखलं की तारीख आणि वेळ लिहावी. शेवटचं कधी जेवलं, काय जेवलं. शेवटचं पाणी कधी. चहा घेतो का. रात्री किती वाजता झोपला. कुठल्या बाकावर बसतो, फळा दिसतो का. उन्हात किती चालला. मग काय केलं आणि किती वेळानं थांबलं. तीन महिन्यांत तीस-चाळीस नोंदी झाल्या तरी सातवी-आठवीची मुलं त्यातून बरंच काही काढतील. उपाशीपोटीच्या डोकेदुख्या किती, शेवटच्या बाकावरच्या किती, आणि पाण्याशिवायही थांबलेल्या किती. आणखी एक रकाना असावा: सकाळपासून लघवीला कितीदा गेली. मुलींनी तो भरताना वही बाईंच्या हाती असावी, आणि ज्या शाळेत बाईच नाहीत, तिथं आठवीतल्या मोठ्या मुलीच्या.